मावशीच्या चहातली पुडी

मावशी,

तू गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले. बाणगंगेवर भादरलेल्या माझ्या डोक्यावर खुंट उगवले, चाळीतल्या बायकांचं डोळे पुसणं थांबलं, तुझी गोधडी धुऊन वाळून कुणाच्या तरी अंगावर गेली. माझा राग मात्र जिथल्या तिथे आहे. शेजारचे भाऊ म्हणाले, "गेलेल्या माणसावर रागवू नये सदा, जीव अडकतो." अडकू दे. मला तुझ्याशी भांडायचंच आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू ते तसंच टाकून निघून गेलीस, ही काय रीत झाली?

तुझ्यासाठी चाळीच्या चौकात सभा झाली, तुला कळलं तर हसशील. संयुक्त महाराष्ट्र समितीचे एक पुढारी आले होते. हार घातलेला तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता, तुझ्या पाठीला कधी खुर्ची लागली नव्हती. ते म्हणाले, "लालबागची अन्नपूर्णा हरपली." लोकांनी माना डोलावल्या. मला तिथूनच उठून ओरडावंसं वाटलं. अन्नपूर्णा म्हटलं की सगळ्यांची सोय होते. देवीचं डोकं दुखत नाही, देवीच्या पायांवर सूज येत नाही, आणि देवीला कुणी विचारत नाही की बाई गं, आज तू बसलीस कधी.

तू कशाने गेलीस ते त्या सभेत एकानेही सांगितलं नाही. "दुखणं झालं" एवढंच. मी सांगतो. तुझी मूत्रपिंडं गेली. बारा वर्षं तू चहाबरोबर डोकेदुखीची पुडी घेतलीस, आधी दिवसाला एक, मग दोन, शेवटी सात-आठ. त्या पुडीने तुझं दुखणारं डोकं थांबवलं आणि आतली गाळणी झिजवून टाकली. आणि ती पुडी, मावशी, माझ्या हातची होती. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आता तुलाच बोलतो, कारण ओरडायचंही तुझ्यावरच आहे.

मी गावाहून आलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. बोटीत लागलेला ताप घेऊन तुझ्या दारात पडलो. तू माझी रक्ताची मावशी नव्हेस, गावच्या वाडीतली. नवरा गिरणीत कामावर असताना वारला, मागे मूलबाळ नाही, म्हणून दोन खोल्यांत खानावळ घातलेली बाई. तीस माणसं तुझ्याकडे जेवत, सगळे आपलेच कोकणातले गिरणीवाले, दोन पाळ्यांत पानं मांडावी लागत. त्या गर्दीत तू मला दाराजवळ निजवलंस आणि आठ दिवस पेज पाजलीस. नवव्या दिवशी हाताला धरून नाक्यावरच्या दवाखान्यात नेलंस. मला वाटलं औषधाला नेते आहेस. तू डॉक्टरांना म्हणालीस, "ह्याचा अक्षर बरा आसा. ठेवून घेवा डॉक्टरांनू." डॉक्टर हसले आणि मी कंपाउंडर झालो. माझ्या आयुष्याचं जे काही बरं झालं ते त्या एका वाक्याने झालं. म्हणून तर राग अधिक येतो. ज्या जागी तू मला उभं केलंस, तिथूनच मी तुला मारत राहिलो.

मिक्स्चरच्या बाटल्यांना कागदी खुणा चिकटवायला मी दोन दिवसांत शिकलो. पुडी बांधायला महिना लागला. भुकटी कागदावर मधोमध घ्यायची, दोन्ही कडा दुमडायच्या, टोकं एकमेकांत खोचायची. मी एक कोपरा जादा आत मुडपायचो, म्हणजे खिशात सांडत नाही. लालबागेत दहा कंपाउंडर असतील, पण माझी पुडी दुरून ओळखू यायची. पहिल्यांदा तू आलीस तेव्हा कपाळ पदराने करकचून बांधलेलं होतं. डॉक्टर आतूनच म्हणाले, "सदा, हिला डोक्याची पुडी दे, एपीसी." मी बांधली आणि तू ती तळहातावर घेऊन बघत राहिलीस.

"पुडी बांधलंस की विडो?" तू म्हणालीस.

तासाभराने मी जेवायला आलो तर तू जिन्यातूनच ओरडलीस, "सद्या, डोक्यातली गिरण बंद पडली रे!" सगळे हसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, हिचे उपकार फेडायला आपल्या हातात काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी तू मागितली नव्हतीस, तरी मी दोन घेऊन आलो.

असं झालं बघ ते. देव्हाऱ्याच्या फळीवर, हळदकुंकवाच्या शेजारी, तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलास आणि त्यात माझ्या पुड्या. पहाटे चूल पेटवलीस की चहा, चहाबरोबर पुडी. पहिली पाळी जेवून गेली की चहा, त्याबरोबर पुडी. वाटण झालं की, भाकऱ्या झाल्या की, मासेवालीशी भांडून झालं की. कुणी पाहुणा आला तर पानसुपारी पुढे करावी तसा तू डबा पुढे करायचीस. साच्यांच्या खडखडाटातून सुटलेले विणकर तर त्या डब्याला नमस्कार करायचे. गिरणगावात ह्यात नवल काहीच नव्हतं. गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात चहा मागवला की पोऱ्या विचारायचा, नुसता की पुडीचा? ती घेतली की डोकं थांबायचं, वर जरा तरतरीही यायची. औषध ते, जे बाटलीतून येतं आणि कडू लागतं. पुडीला कुणी औषध म्हटलंच नाही, आणि जे औषध नाही त्याचा अपाय कसा होईल?

त्यातून आली चळवळ. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून सगळं लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं आणि तुझ्या तीस माणसांची पन्नास झाली. फोर्टात गोळीबार झाला त्या दिवशी परतून आलेल्यांना तू न विचारता वाढत राहिलीस, त्यातला एकजण घास हातात धरून नुसता रडत होता. पुढे सत्याग्रहाला निघालेल्या तुकड्यांना भाकऱ्या बांधून द्यायच्या तुझ्याकडे आल्या. कुणी सांगितल्या? कुणीच नाही. समितीचा माणूस जिन्यात येऊन म्हणायचा, "मावशी, उद्या पन्नास माणसं," आणि तू म्हणायचीस, "पीठ हाडा," आणून द्या म्हणजे झालं. तू स्वतः मोर्चात गेलीस, अश्रुधूर खाऊन आलीस, डोळे लाल, कपाळाची शीर ताठ उभी, आणि आल्या आल्या डबा उघडलास. मी म्हटलं, "मावशी, आज जरा पड." तू म्हणालीस, "राज्य झाला की निजतलंय. तवसर निजान चलाचा नाय."

हे वाक्य मी तेव्हा दहा जणांना कौतुकाने सांगितलं. लोकांनी ते सभेत सांगितलं, टाळ्या पडल्या. आज आठवलं की अंगाची लाही होते. अगं, राज्य यायला चार वर्षं लागली! तेवढ्यात झोपायला कुणी बंदी केली होती तुला? आणि आम्ही टाळ्या कसल्या वाजवत होतो? एक बाई सांगतेय की मला झोप नाही, आणि आम्ही टाळ्या वाजवतोय.

मग गेल्या वर्षी तुझं एकेक सुरू झालं. रात्रीतून चार-पाच वेळा संडासाकडे जायला लागलीस. शेजारणी म्हणाल्या, वय झालं. तुझा रंग उतरला, कपाळ पिठासारखं दिसायला लागलं. आम्ही म्हटलं, चुलीपुढे राहून घाम फार जातो. अंगाला खाज सुटली तर म्हणालीस, सुकटीचं बाधलं. आणि मग एक दिवस माशाच्या कढीत मीठच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मूठभर होतं. तीस माणसं खाली मान घालून जेवली, कुणी ब्र काढला नाही, कारण तू रागावशील. तुझ्या तोंडाची चव गेली होती हे आम्हाला कळलं, पण त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचलं नाही. कमरेत दुखतंय म्हणालीस. कमरेसाठी मी काय दिलं असेल? पुडी. दिवसाला दोन वाढवून दिल्या. ज्याने दुखत होतं तेच दुखण्यावर दिलं, आणि वर तुला म्हटलं, "गरम पाण्याबरोबर घे."

पावलं सुजून वहाण चढेना तेव्हा मी तुला परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तरणा डॉक्टर होता, चष्मेवाला, घाई नसलेला. रक्त काढलं, लघवी तपासली, हाताला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. मग स्टुलावर बसून त्याने विचारलं, "बाई, डोकेदुखीवर काही औषध घेता का?"

तू म्हणालीस, "औषध नाय हो. पुडी घेतंय."

"रोज?"

"चायवांगडा एक."

"आणि चहा किती वेळा?"

तू त्याच्याकडे बघून हसलीस. "खानावळ चलयतंय मी."

तो हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला की दोन्ही मूत्रपिंडं आटत आलीत, रक्तातली घाण बाहेर पडत नाही, साचतेय. परदेशातले काही डॉक्टर आता लिहायला लागलेत की ह्या पुड्या वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांची मूत्रपिंडं अशी झालेली दिसतात. अजून पक्कं म्हणता येत नाही, पण त्याला स्वतःला शंका उरली नव्हती. "जेवढं उरलंय त्यावर माणूस बरेच दिवस काढू शकतं. पण आजपासून एकही पुडी नको. सुरुवातीला डोकं भयंकर उठेल. पुडी सुटली की उठतंच, त्यालाच भिऊन माणसं पुन्हा घेतात. आठ-दहा दिवस पडून राहू दे त्यांना." मग त्याने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?"

मी म्हटलं, "भाचा."

कंपाउंडर म्हणालो नाही, मावशी. हे तुला बसमध्ये सांगणार होतो, पण तू खिडकीतून समितीची भित्तिपत्रकं वाचत होतीस.

नाक्यावरच्या आपल्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "परदेशातले कागद. सिद्ध कुठे झालंय? मी स्वतः घेतो." मग खाली बघत म्हणाले, "तिला नको देऊस. बाकीच्यांना थांबवलंस तर इथे कुत्रं फिरकणार नाही." आणि मी तुझी बंद केली, बाकीच्यांची बांधत राहिलो. हा शहाणपणा मला पुढे नडला, सांगतो ते.

मी फळीवरचा डबा उचलून गटारात उपडा केला. तीन दिवस तू पुडीवाचून काढलेस, आणि तीनही दिवस चुलीपुढून उठली नाहीस. डोळ्यांतून पाणी, कपाळाला पदर आवळलेला, भाकरी थापताना मध्येच तोंडावर हात धरून मोरीकडे धावायचीस. चौथ्या दिवशी मी जेवायला आलो तर माझ्या पानावर न वाढता तू हात पुढे केलास.

"एकच दी रे. डोक्या फुटता माझा."

"नाय. डॉक्टर म्हणालो ना, आठ दिवस पड. निज जा."

"निजतंय. आनी चूल कोण पेटवतलो? तुझो डॉक्टर?"

पंगतीत पंधरा माणसं बसलेली. सगळे कढी ओरपत होते. उत्तर नसलं की माणूस आवाज चढवतो. मी तुला म्हटलं, तू हट्टी आहेस, तुला माणसांनी मावशी मावशी म्हटलेलं आवडतं, त्यापायी तू मरशील. तू म्हणालीस, मरतंय तर मरतंय, भुकेलेल्या माणसाक उठवूचा नाय मी पानावरसून. आणि मी भरल्या पंगतीत ओरडलो, "मर मगे!"

ताट ढकलून निघून आलो. त्यानंतर तुझ्या खानावळीची पायरी मी चढलो नाही. वाटलं, अद्दल घडेल. कुणाला अद्दल घडवत होतो मी?

दुसऱ्याच दिवशी दुपारी दवाखान्यात दत्ताराम आला. आपला दत्ताराम, साचाखात्यातला, अर्धा बहिरा झालेला, ज्याला तू पोटच्या पोरासारखं वाढवलंस. त्याच्या हातात डबा होता. म्हणाला, मावशीनं दिलाय, न जेवता राहू नको म्हणाली. मी म्हटलं परत ने. तो तिथेच फळकुटावर बसून राहिला. डब्यात भाकरी, तळलेला बांगडा, सोलकढी. माझं पित्त खवळलेलं होतं, पण पोटही खवळलेलं होतं. जेवलो. निघताना दत्ताराम कपाळ चोळत म्हणाला, "सदा, साच्यार डोक्या खूप धरता रे. पाच-सहा पुड्यो दी." दिल्या. विणकराने पुडी मागायची आणि मी विचारायचं, कुणासाठी? आमच्या दवाखान्यात तसं कधी कुणी विचारलं नाही.

रोज दुपारी डबा यायचा, रोज पुड्या जायच्या. साडेतीन महिने. मी चवीने जेवायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारी वाकली. आधी डबा येतो, उद्या निरोप येईल, की सद्या, तुझं खरं. पुडी सोडलीय तिने, दत्ताराम म्हणतोय ना की बरी आहे, कामाला लागलीय. कामाला लागलीस हे ऐकूनच मला कळायला हवं होतं. कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं? ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही, आणि तू असतीस तर तुझ्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोललो असतो.

मग दत्ताराम डब्यावाचून धावत आला. तू चुलीपाशी पडली होतीस. इस्पितळात तुझ्या श्वासाला जुन्या मुतारीसारखा वास येत होता, उचकी थांबत नव्हती. दोन दिवस तू कुणाला ओळखलं नाहीस. तिसऱ्या दिवशी पहाटे डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जेवलंस काय?" मी मान हलवली. माफी मागायची होती. दुपारी तू गेलीस. तोच तरणा डॉक्टर होता. त्याने विचारलं, "पुड्या बंद केल्या होत्या ना?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "त्याच दिवशी."

तुझं असं कुणी नाही, म्हणून अग्नी मी दिला आणि दहाव्याला बाणगंगेवर मीच बसलो. पिंड मांडला. कावळे कठड्यावर रांगेने बसले होते, पण एकही खाली उतरेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. शेजारचे भाऊ म्हणाले, मावशे, खानावळ चालू ठेवू. कावळा नाही. कुणी म्हणालं, चार-दोन दिवसांत राज्य होतंय, तुझ्या नावाने नारळ फोडू. कावळे ढिम्म. ऊन तापायला लागलं. तेवढ्यात दत्ताराम पुढे आला. त्याने थर्मासमधून कपभर चहा ओतला, पानाजवळ ठेवला, आणि खिशातून काहीतरी काढून कपाशेजारी ठेवलं. हात जोडले.

पुडी होती. एक कोपरा जादा मुडपलेली.

"मावशेची एक ऱ्हवली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "ती पडली त्या दिवसाची. तिका देवची ऱ्हवली."

मला सगळं एकदम कळलं. डबा आणि पुड्या. पुड्या आणि डबा. तू मला जेवायला घालत होतीस आणि त्याच माणसाच्या हातून मी तुला विष पाठवत होतो, रोज, ढेकर देऊन. मी त्याची गचांडी धरली. सोवळं सुटलं, पाण्यात पाय गेला, भटजी शिव्या देत सुटले. दत्तारामने हात उगारला नाही. मार खात तो एवढंच म्हणत राहिला, "तिनाच सांगितल्यान, सद्याक सांगू नको म्हणान. रडत होती रे ती. तिका नाय म्हणाक माका जमला नाय." मग त्याने मला विचारलं, आणि ते मला मारापेक्षा जास्त लागलं, "तू माका कधी सांगलंस, पुडी कित्याक बंद केलंस ता?"

नव्हतं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या फळीवरचा डबा गटारात ओतला आणि बाकीच्या लालबागला तीच पुडी बांधून देत राहिलो. त्या बिचाऱ्याला काय वाटणार? सद्याचं मावशीशी बिनसलंय, म्हणून तिला पुडी देत नाही. एका म्हाताऱ्या बाईवर दावा धरलाय. त्याने आपल्या परीने दया केली.

आम्हाला सोडवून बाजूला काढलं तोवर पानावरचा भात विस्कटलेला होता. कावळा कधी शिवला ते आम्हा मोठ्यांपैकी एकानेही बघितलं नाही. म्हणजे तुझी इच्छा काय होती ते आता कधीच कळायचं नाही. पोरं म्हणतात, त्याने आधी चोच पुडीला मारली. मारली असेल. तू मेल्यावरही माझं ऐकणार नाहीसच.

आणि तेराव्या दिवशी राज्य झालं. तुझा तेरावा आणि महाराष्ट्राचा पहिला दिवस एकच आला. रस्त्यावर दिव्यांच्या माळा, ढोल, लेझीम, माणसं एकमेकांना मिठ्या मारतायत, पेढे भरवतायत. चाळीतल्या बायका रोषणाई बघायला गेलेल्या. खानावळीत तुझ्या तेराव्याचं जेवण व्हायचं होतं, वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. चुलीपुढे शेवंता एकटी, तुझ्या हाताखाली वाटण करायची ती. नवऱ्यामागे तिलाही कुणी नाही, तेव्हा आता खानावळ तीच चालवणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ओली लाकडं धुमसत होती. तिने कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मान न वळवता म्हणाली, "धुरान डोक्या धरला रे. दत्ता, पुडी आसा काय?"

दत्तारामचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. पंगतीची वाट बघत बसलेल्या तीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांना सगळं सांगितलं, मावशी. मूत्रपिंडं म्हणजे काय ते सांगितलं, तू रात्री का उठायचीस, कढीत मीठ का नव्हतं, मी इस्पितळात भाचा का झालो. आवाज चढला माझा, कुणाकुणाला काय काय बोललो ते आता आठवत नाही. स्वतःलाही सोडलं नाही. बाहेर जयजयकार चालला होता. मग शेवंतेला म्हटलं, "ऊठ तिथसून. आत जावन निज. आठ दिवस ह्या चुलीकडे बघूचा नाय."

ती म्हणाली, "आनी वडे?"

तुझाच प्रश्न. चार महिन्यांपूर्वी ज्यापुढे मी ताट ढकलून पळालो तोच.

दत्तारामने लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचला. ओली लाकडं बाहेर ओढली, गॅलरीतून सुकी आणली. साचा चालवणारे दोघे पिठाला बसले, एकाने कढई चढवली, एकाने माझ्या हातात लाटणं दिलं आणि मग काढूनही घेतलं. वडे कसले झाले ते विचारू नकोस. एकेकाचा आकार नव्या राज्याच्या नकाशासारखा, बेळगावकडचा तुकडा तुटून बाहेर राहिलेला. सांबाऱ्यात मीठ कमी पडलं, आणि ह्यावेळी चौघांनी ते तोंडावर सांगितलं. शेवंता आतल्या खोलीत घोरत होती. तुझ्या नावाचं पान वाढताना मी चहा ठेवला, नुसता.

त्या दिवसापासून पाळ्या लावल्यात आम्ही, गिरणीत लावतात तशा. मी दवाखान्यात पुडी मागायला येणाऱ्याला विचारतो, कुणासाठी, दिवसाला किती, लघवी कशी होते. बायका लाजतात, डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, बहुतेक मला काढतील. काढू देत. पण राग त्याने जात नाही. बारा वर्षं तू उभी राहावीस म्हणून मी कागद दुमडत बसलो. तू बसावीस म्हणून काय करायचं हे कधी मनातही आलं नाही. आणि तुझ्यावर राग एवढ्याचसाठी, की तू विचारलंस ते टोमणा मारून विचारलंस. एकदा खरं विचारायचं होतंस गं. हाताला धरून, जसं मला दवाखान्यात उभं केलंस तसं ह्या पंधरा बाप्यांना चुलीपुढे उभं करायचं होतंस.

चूल कोण पेटवतलो, म्हणालीस ना? दत्तारामने पेटवली, मावशी. तीस माणसं होतो आम्ही, आणि ती एका काडीत पेटली.